माणूस कुठे ठेवलाय, ते शोधताना

आमच्या नगर जिल्ह्यात पोलिसांनी कुणाला नेले की घरचे लोक आधी वकील गाठत नाहीत. गावातला पुढारी, ओळखीचा पत्रकार, नाहीतर माझ्यासारखी विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका, असे फोन फिरतात आणि प्रश्न एकच असतो: ‘ताई, आमचा माणूस कुठे ठेवलाय?’ गुन्हा कोणता, जामीन कधी, हे सगळे नंतर. आधी माणूस कुठे आहे आणि धड आहे, एवढे कळायला हवे असते.

परदेशात राहणारे नातेवाईक मला विचारतात, की अटक झालेल्यांची यादी इंटरनेटवर कुठे पाहायची? अमेरिकेत बऱ्याच काउंटींमध्ये शेरीफच्या संकेतस्थळावर नाव टाकले की कोण तुरुंगात आले, कधी आले, जामिनाची रक्कम किती, हे फोटोसकट दिसते. आपल्याकडे अशी एका जागी सगळे सांगणारी यादी नाही. पण अटक झाली की तिचा कागद चार-पाच ठिकाणी उमटतोच: ठाण्याच्या डायरीत, सरकारी दवाखान्यात, दंडाधिकाऱ्यांसमोर, तुरुंगाच्या फाटकावर. कोणता कागद कोणत्या वेळी कुणाकडे मागायचा, एवढे कळले तरी निम्मी वणवण वाचते. जिल्ह्यातल्या ठाण्यांच्या आणि कोर्टांच्या पायऱ्यांवर बसून जे शिकले, ते इथे मांडते.

१. पहिले चोवीस तास ठाण्याचे

संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते; प्रवासाचा वेळ तेवढा त्यातून वगळतात. म्हणजे पहिल्या दिवशी कोर्टात धावून उपयोग नसतो. जायचे ते पोलीस ठाण्यात, आणि तिथे भेटायचे ठाणे अंमलदाराला. साहेब बंदोबस्तात असतात, तपासी अंमलदार बाहेर असतो; ठाणे अंमलदाराची खुर्ची मात्र रात्री दोन वाजताही रिकामी नसते, आणि स्टेशन डायरी त्याच्याच समोर असते.

‘आमच्या माणसाला का धरले?’ असे विचारले की वाद सुरू होतो. त्याऐवजी मी तीन गोष्टी विचारते. अटक दाखवली आहे का, की चौकशीसाठी बोलावले आहे? दाखवली असेल तर किती वाजता? गुन्हा कोणत्या ठाण्याचा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटकेच्या वेळी कागद करावा लागतो. आपल्याकडे त्याला अटक पंचनामा किंवा अटक फॉर्म म्हणतात. त्यावर घरातल्या किंवा गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही. कलम ४८ प्रमाणे अटक झाल्याचे आणि माणूस कुठे ठेवला आहे हे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावेच लागते, आणि कुणाला कळवले याची नोंद ठाण्यातल्या वहीत करावी लागते. ‘कुणाला कळवले, त्याचे नाव सांगा’ हा प्रश्न शांतपणे विचारला की बहुतेक वेळा उत्तर मिळते.

एलसीबीने, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेने, माणूस उचलला असेल तर घरचे त्या शाखेच्या दारात दिवस काढतात. माझा अनुभव असा, की शाखा पकडते आणि माणूस ज्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे त्याच्या ताब्यात देते. नोंद तिथे शोधावी.

बाईला अटक झाली असेल तर वेळ नीट लिहून घ्यावी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, तिन्ही लागते.

२. तालुका आणि ठाण्याची हद्द एकच नसते

चौदा तालुके आणि क्षेत्रफळाने राज्यात पहिला असा हा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातून जामखेडला यायचे तर दिवस जातो. त्यात तालुक्याचे नाव आणि ठाण्याचे नाव जुळेलच असे नाही. गाव पारनेर तालुक्यातले, पण ठाणे सुपे. गाव श्रीगोंद्याचे, पण ठाणे बेलवंडी. संगमनेरच्या पठारावरचे, तर घारगाव. अकोल्याच्या आतले, तर राजूर. नेवाशाचे, तर सोनई. नगर शहरातच कोतवाली, तोफखाना, भिंगार कॅम्प अशा हद्दी आहेत आणि शहराला लागून असलेल्या खेड्यांसाठी नगर तालुका ठाणे वेगळे. घटना कुठे घडली यावर ठाणे ठरते. माणूस कुठे राहतो यावर नाही.

जिल्ह्याबाहेरचे पोलीस घेऊन गेले असतील तर शोध आणखी अवघड होतो. जामखेडच्या माणसाला आष्टीचे पोलीस नेतात, कोपरगावच्या माणसाला येवल्याचे. अशा वेळी आधी आपल्याच ठाण्यात जाऊन विचारावे, कारण दुसऱ्या हद्दीत कारवाईला आलेले पथक स्थानिक ठाण्यात कळवते आणि तिथे डायरीला नोंद पडते.

आणि अटक करणारे फक्त खाकीतले पोलीस नसतात. दारूच्या प्रकरणात राज्य उत्पादन शुल्क विभाग, जंगलाच्या प्रकरणात वन विभाग, दौंड–मनमाड मार्गावर गाडीत किंवा फलाटावर काही घडले तर लोहमार्ग पोलीस. सगळी ठाणी पालथी घालूनही माणूस सापडत नाही, तेव्हा तो बरेचदा या तिघांपैकी कुणाकडे असतो.

३. भिंतीवरचा फलक वाचा, आणि नसेल तर त्याची मागणी करा

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ फार कमी लोकांना माहीत आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असावा. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा खालचा नसलेला एक अधिकारी नेमावा. त्याने अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवावी. आणि ती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावावी, डिजिटल पद्धतीनेही चालेल. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. त्याआधीही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क ही तरतूद होतीच.

हे कलम आकाशातून पडलेले नाही. पश्चिम बंगालमध्ये विधी सहाय्याचे काम करणारे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला आणि त्यात अकरा सूचना होत्या. पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा कागद, नातेवाइकाला कळवणे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, आणि नियंत्रण कक्षाला बारा तासांत कळवून तिथल्या फलकावर नोंद. आज जो अधिकार म्हणून आपण मागतो, तो विधी सहाय्यातल्या एका माणसाच्या पत्रापासून सुरू झाला, याचा मला या कामात फार आधार वाटतो.

नगरकरांना तर हे वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीला अटक झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि बाकीच्या नेत्यांना रेल्वेने इथे आणून भुईकोट किल्ल्यात कोंडले. कुठे ठेवले, हे सरकारने जाहीर केले नाही. सुरुवातीला पत्रे आणि वर्तमानपत्रेही बंद होती. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मौलाना आझादांच्या पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या तेव्हा ते इथेच बंद होते, हे कमी सांगितले जाते. माणूस कुठे आहे हे घरच्यांपासून लपवणे हे सत्तेच्या हातातले जुने हत्यार आहे. ठाण्याच्या भिंतीवरचा फलक त्या हत्याराची धार काढून घेतो, म्हणून तो कोरा दिसला की मला राग येतो.

काही ठाण्यांत फलक रोज भरतात. काही ठिकाणी त्यावर जुन्याच नोंदी असतात, काही ठिकाणी तो कपाटामागे गेलेला असतो. अशा वेळी ‘कलम ३७ प्रमाणे नेमलेले अधिकारी कोण?’ असे विचारावे. भांडायचे कारण नाही. नाव सांगावे लागते, आणि नाव आले की कुणीतरी वही उघडतो.

४. नावाने शोधू नका, गुन्हा नंबराने शोधा

हे मी प्रत्येकाला सांगते, आणि तरीही प्रत्येक जण नावच टाकतो. आपल्या भागात पवार, काळे, शिंदे, गायकवाड, शेख, पठाण किती आहेत! त्यात इंग्रजीत गायकवाड चार तऱ्हांनी लिहितात. गुन्हा रजिस्टर नंबर मात्र एकच असतो. बोलताना सगळे ‘गु.र.नं.’ म्हणतात. तो दर वर्षी जानेवारीत पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून नंबर, वर्ष आणि ठाणे या तिन्ही गोष्टी एकत्रच लिहाव्यात.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ पाहता येतात. जिल्हा, ठाणे, तारखा भरल्या की यादी येते आणि एफआयआरची प्रत उतरवून घेता येते. यामागेही सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात ७ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले, की एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी. दुर्गम भाग असेल किंवा नेटवर्क नसेल तर बहात्तर तासांपर्यंत सवलत. पठारावरचे गुन्हे उशिरा दिसले तर घाबरू नये.

जिल्ह्याच्या नावाचाही एक घोळ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नामांतराची अधिसूचना निघाली आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सरकारी संकेतस्थळे एका दिवसात बदलत नाहीत. एका ठिकाणी नवे नाव, दुसऱ्या ठिकाणी जुने, आणि जुन्या कागदांवर तर जुनेच राहणार. एका नावाने जिल्हा सापडला नाही तर दुसऱ्याने पाहावे.

लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांच्या एफआयआर पोर्टलवर टाकत नाहीत, आणि टाकूच नयेत. आरोपीला स्वतःला किंवा त्याच्या प्रतिनिधीला प्रत हवी असेल तर ठाण्यात किंवा कोर्टात अर्ज करून ती मागता येते. त्याच २०१६च्या आदेशात याही अर्जाचा मार्ग सांगितला आहे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एफआयआरमध्ये नाव असले म्हणजे अटक झाली असे नाही, आणि नाव नसले म्हणजे अटक होणार नाही असेही नाही. ‘अज्ञात इसम’ लिहिलेल्या गुन्ह्यात महिन्यांनी माणसे धरली जातात. एफआयआर ही तक्रारीची नोंद आहे. अटकेची नोंद वेगळी.

५. कधी कधी गुन्हा नंबरच नसतो

गणपती, मोहरम, निवडणूक, नाहीतर गावात दोन गटांत तणाव, की प्रतिबंधक कारवाया सुरू होतात. पूर्वी १५१ म्हणायचे. आता संहितेचे कलम १७०. जोडीला चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची कारवाई. यात एफआयआर नसते, त्यामुळे पोर्टलवर काहीही सापडत नाही आणि घरच्यांना वाटते की पोलीस खोटे बोलत आहेत. अशा वेळी दिवाणी-फौजदारी कोर्टात न जाता तहसील कचेरीत जावे. ही प्रकरणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि बाँडचे कागद तिथे असतात.

६. मागणी लेखी करा, पोच घ्या

दोन प्रतींत मराठीत साधा अर्ज. माणसाचे नाव, वय, कुठून नेले, किती वाजता, कोणत्या गाडीतून, कुणी पाहिले. खाली ‘कुठे ठेवले आहे ते कळवावे’. एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्यायची. वेळ विसरू नये.

पूर्वी जुने वकील अशा वेळी दंडाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना तार करायला लावत, कारण तारेवर वेळ छापलेली असे आणि ती नंतर कोर्टात बोलत असे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता ते काम ईमेल करतो, आणि ११२ वर केलेला फोन करतो. पोच द्यायला कुणी तयार नसेल तर तिथेच ओसरीत उभे राहून अधीक्षक कार्यालयाला ईमेल करावा.

माणूस ठाण्यात कधी आणला यावर पुढे वाद होईल असे दिसले तर आणखी एक अर्ज त्याच दिवशी द्यावा: सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी, जपण्याचा आदेश दिला आहे.

अर्ज देऊनही, ईमेल करूनही चोवीस तास उलटले आणि कुठेच नोंद नसेल, तर मग वेळ घालवू नये. आपल्या जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका तिथे होते, आणि पोच घेतलेला हाच अर्ज तिचा पाया असतो.

७. कोर्टात उभे केले की कागद दंडाधिकाऱ्यांकडे जातो

कोर्टात नेण्याआधी माणसाची वैद्यकीय तपासणी होते, ग्रामीण रुग्णालयात किंवा नगरच्या जिल्हा रुग्णालयात. तिथल्या नोंदवहीत वेळ लागते, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. मारहाण झाली असेल तर हा कागद सोन्याच्या मोलाचा असतो. तो मागितल्याशिवाय राहू नका.

रिमांडच्या वेळी नातेवाइकांनी कोर्टात हजर असावे. सुट्टी असेल तर सुट्टीचे कोर्ट कोणते, हे ठाण्यातून किंवा वकिलांच्या खोलीतून कळते. तिथे दोन शब्द ऐकू येतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. कोणता मिळाला यावर माणूस आज रात्री कुठे झोपणार हे ठरते. आदेश ऐकू आला नाही तर कोर्टातल्या पैरवी अंमलदाराला विचारावे. त्याच्याजवळ ठाण्याचे सगळे कागद असतात, आणि माझ्या अनुभवात हा माणूस नातेवाइकांशी सर्वांत नीट बोलतो.

अटकेची कारणे लेखी मिळाली का, हे पाहायला विसरू नये. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत. ताबडतोब देणे शक्य नसेल तर निदान दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या दोन तास आधी. पठारावरच्या ठाकर माणसाला किंवा पारध्याच्या पोराला इंग्रजी कलमांचा कागद हातात देऊन भागणार नाही, असा याचा माझ्या मते सरळ अर्थ होतो.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकून शोधता येते. इथेही नावापेक्षा नंबर भरवशाचा. दोषारोपपत्र दाखल होऊन खटल्याला नंबर पडेपर्यंत बरेचदा काही दिसत नाही, पण सत्र न्यायालयातला जामीन अर्ज मात्र दिसतो. एकदा सीएनआर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा वेगळा क्रमांक मिळाला की तो पाठ करून ठेवावा. पुढच्या सगळ्या तारखा त्यावर कळतात. दोषारोपपत्र मात्र पोर्टलवर शोधत बसू नये. २० जानेवारी २०२३ च्या सौरव दास निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते सर्वांसाठी खुले दस्तऐवज नाही असे स्पष्ट केले आहे. आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते, बाहेरच्याला नाही.

८. तुरुंगात पाऊल पडले ती तारीख लिहून ठेवा

एमसीआर झाला की माणूस पोलिसांच्या हातून सुटतो आणि कारागृहाच्या ताब्यात जातो. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीजवळची दुय्यम कारागृहे आहेत. तिथे अधीक्षकपद तहसीलदारांकडे असते, त्यामुळे विचारणा कचेरीत करायची. नगर शहरात जिल्हा कारागृह आहे. तिथून कैद्यांना येरवड्याला किंवा नाशिकरोडला हलवतात, आणि हलवल्याचे घरच्यांना भेटीच्या दिवशी फाटकावर कळते. भाकरी बांधून शेवगावहून पहाटेच्या एसटीने आलेली माणसे तशीच परत जाताना मी पाहिली आहेत. म्हणून निघण्याआधी ई-मुलाखतीच्या संकेतस्थळावर नाव आणि कारागृह टाकून भेट मागावी. मंजुरी आली तर माणूस तिथेच आहे हे आपोआप कळते.

श्रीगोंदा तालुक्यात विसापूरचे कारागृह आहे. आज ते खुले कारागृह म्हणून ओळखतात. १९३० च्या सुमारास सविनय कायदेभंगातले सत्याग्रही तिथे डांबले होते. आमच्या जिल्ह्यात तुरुंग म्हणजे लांबची गोष्ट कधीच नव्हती.

प्रवेशाच्या तारखेचे महत्त्व लोकांना कळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, आणि इतरांनी निम्मा काढला, की सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे चालू असलेले लोक यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या कैद्यांनाही लागू केले. पुढे शिक्षा झालीच तर आधी आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात. ही सगळी मोजणी त्या एका तारखेवरून होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. यातल्या कितीतरी घरांत आपला माणूस नेमका कोणत्या तारखेला आत गेला याचा कागद नसेल, असे मला वाटते.

आणखी एक. तुरुंगाच्या नोंदवहीत जातीचा रकाना असे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकण्याचा आदेश दिला. जातीवरून तुरुंगात कामे वाटणेही बंद करायला सांगितले. आपल्या माणसाच्या कागदावर अजून तो रकाना भरलेला दिसला तर लेखी हरकत घ्यावी.

९. माहितीचा अधिकार वापरा, पण जपून

राळेगणसिद्धी आपल्याच पारनेर तालुक्यातले. अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. दोन वर्षांनी देशाचा कायदा आला. त्या तालुक्यातली माणसेही ठाण्यात गेल्यावर अर्ज करायला कचरतात, याचे वाईट वाटते.

दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. उत्तराला तीस दिवस. पण माहिती माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर अठ्ठेचाळीस तास. कोठडीतल्या माणसाची विचारणा त्यातच बसते, म्हणून अर्जाच्या माथ्यावर तसे ठळक लिहावे. अमुक तारखेची स्टेशन डायरीची नोंद, कलम ३७ च्या अधिकाऱ्याचे नाव आणि पद, फलकाची त्या दिवशीची स्थिती, असे नेमके मागावे. ‘तपासाला बाधा येईल’ असे उत्तर आले तर ती बाधा कशी येईल हे अधिकाऱ्याने सांगायचे असते. तपास चालू आहे एवढे कारण पुरत नाही. पहिले अपील तिथेच, दुसरे माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

दुसऱ्याच कुणाची खासगी माहिती मात्र आता पूर्वीसारखी मिळणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले त्याबद्दलचे कलम बदलले आहे. त्या बदलाने भ्रष्ट अधिकाऱ्यांनाही आडोसा मिळतो, हे मला पटत नाही. कोठडीतल्या माणसाच्या घरच्यांनी तरी अर्जात आपले नाते लिहावे आणि जमल्यास त्याचे संमतिपत्र जोडावे.

१०. ही नोंद कुणाच्या लग्नात बिब्बा घालायला नाही

आठवड्याला एखादा फोन वेगळ्याच कारणाने येतो. मुलगा पाहिलाय, त्याच्यावर काही ‘केस’ आहे का बघाल का? भाडेकरू ठेवायचाय. भावकीतल्या माणसाचा जुना गुन्हा ग्रामपंचायत निवडणुकीत काढायचाय. या फोनला मी नाही म्हणते. कामावर ठेवायचे असेल तर त्या माणसालाच चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगावा. त्याचा ऑनलाइन अर्ज असतो आणि तो त्याने स्वतः करायचा असतो. एवढा सरळ रस्ता असताना चोरून पाहायची गरज काय?

अमेरिकेत अटकेचे फोटो उघडे टाकल्याचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. खासगी संकेतस्थळांनी ते उचलून छापले आणि काढून टाकायचे पैसे मागायला सुरुवात केली. पुढे निर्दोष सुटलेल्यांचेही फोटो तसेच राहिले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना असे पैसे घेण्यावर बंदीचा कायदा करावा लागला. आपल्याकडे हे काम व्हॉट्सअॅपचे गट फुकट करतात. ठाण्यात रांगेत बसवलेल्यांचा फोटो संध्याकाळी गावभर फिरतो, आणि दोन वर्षांनी आलेला निर्दोष सुटकेचा निकाल कुणी पुढे पाठवत नाही.

याची झळ सर्वांत जास्त कुणाला बसते, हे मी श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या पालांवर पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते. एका आजीने मला सांगितले, ‘ताई, त्यो काल रातच्याला माझ्याच जवळ झोपला व्हता. पर वहीत त्याच्या बापाचं नाव हाय, मंग ह्याचं बी लागतंय.’ मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की मागास आणि विमुक्त जमातींतल्या निरपराध लोकांची नावे केवळ समजुतीवरून पोलिसांच्या वहीत चढवली जाऊ नयेत. त्या आजीच्या नातवाला या निकालाचा उपयोग कसा करून द्यायचा, यावर मी अजून काम करते आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलांची तर नोंद शोधूच नये आणि नावही कुठे बोलू नये. पोलीस त्यांना विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्यांना लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बाल न्याय मंडळापुढे नेतात आणि निरीक्षणगृहात ठेवतात. ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. अत्याचारग्रस्त बाईच्या नावाचेही तसेच.

११. सुटल्यावरचे कागद

निर्दोष सुटका झाली की लोक पेढे वाटतात आणि निकालाची प्रत न घेता घरी जातात. पोर्टलवरची एफआयआर मात्र जागच्या जागी राहते, आणि नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी ती पुढे येते. म्हणून निकालाच्या साक्षांकित प्रती काढून घ्याव्यात, एकाहून जास्त. एक प्रत अर्जासह ठाण्यात द्यावी आणि निकालाची नोंद घेतली जाईल याची पोच मागावी. चारित्र्य पडताळणीचा अर्ज करताना तीच प्रत जोडावी. जामीनदाराने सातबारा किंवा इतर मूळ कागद कोर्टात दिले असतील तर तेही परत मागावे लागतात. आपोआप कुणी घरी आणून देत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून यातले कोणतेही पाऊल अडू देऊ नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही मिळतो. नगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, लोक अभिरक्षक, म्हणजे बचावाचे मोफत वकीलही तिथेच भेटतात, आणि तालुक्याच्या कोर्टांत समित्या आहेत. येता येत नसेल तर १५१०० हा मोफत क्रमांक लावावा. फोन लावताना जवळ गुन्हा नंबर, वर्ष आणि ठाण्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या. नंबर मिळाला नसेल तर माणसाला कुठून आणि किती वाजता नेले, तेवढे सांगितले तरी चालते.